बाईंसाठी बघितलेली गाडी

बाईंचा फोन आला तेव्हा मी नागापूरला कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर चहा घेत उभा होतो. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती.

"अरे, मला स्कूटर घ्यायचीय," बाई म्हणाल्या. "आधीच सांगते, हसायचं नाही."

मी हसलो नाही. बाई म्हणजे माझ्या चौथीच्या बाई. जामखेड तालुक्यात खर्ड्याच्या पलीकडं आमचं गाव, तिथल्या दोनशिक्षकी शाळेत त्या होत्या. दहावीनंतर वडील मला शेतात घालायला निघाले, तेव्हा बाई दुसऱ्या गावाला बदलून गेल्या होत्या. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं आणि त्या एका रविवारी एसटीनं आमच्या घरी आल्या. ओसरीवर बसून वडिलांना म्हणाल्या, "ह्याला आयटीआयला घाला. ह्याच्या हातात काम आहे." आज मी मशीन शॉपला सुपरवायझर आहे, तो त्या रविवारमुळं.

आता बाई रिटायर होऊन इथंच शहरात, सावेडीला राहतात. काकांनी, म्हणजे त्यांच्या मिस्टरांनी, तीस वर्षं स्कूटर चालवली आणि तीस वर्षं बाई मागं बसल्या. काकांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं तशी त्यांनी गाडी विकली. मग दूध आणायचं असो की दवाखाना, प्रत्येक वेळी रिक्षा. बाईंनी कुणाला न सांगता ड्रायव्हिंगचा क्लास लावला आणि साठाव्या वर्षी लायसन काढलं.

"दोन गाड्या बघून ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "एक जुन्या मॉडेलची आहे, एक नव्या. कंपनी एकच. किंमतही जवळपास तीच. मला त्यातलं काही कळत नाही. तू बघून सांग."

आमच्या शॉपमध्ये कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की मला घेऊन जातात. मला त्याचा अभिमान होता. बाईंनी विचारलं म्हटल्यावर तर जास्तच.

रविवारी सकाळी मी माझ्या जुन्या मोटरसायकलवर मनमाड रोडच्या त्या डीलरकडं पोहोचलो. पत्र्याच्या शेडखाली पन्नासेक गाड्या लावलेल्या. बाई माझ्या आधीच रिक्षानं येऊन थांबल्या होत्या. हातात शंभर पानी वही. पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारलेली, डावीकडं लिहिलं होतं 'सोळाचं मॉडेल', उजवीकडं 'एकवीसचं मॉडेल'. दोन्हींचे नंबर, रंग, किती किलोमीटर चालली, असं सगळं नीट अक्षरात.

सोळाची गाडी करड्या रंगाची होती. पत्र्याची बॉडी, काट्याचा मीटर, साधा दिवा. एकवीसची लालभडक, मीटरवर आकडे उमटणारे, मोबाईल चार्ज करायची सोय, पेट्रोल भरायला सीट उचलावं लागत नाही. डीलर बाईंना ते सगळं दाखवत होता. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांगू का, ही करडी लई सुंदर हाय. एका बँकेतल्या साहेबांची. रोज कव्हर घालून ठेवायचे. एक ओरखडा न्हाई."

मी आधी करडी घेतली आणि रोडला एक चक्कर मारून आलो. इंजिन नुसतं कुजबुजत होतं. मोकळा रस्ता बघून मी हँडलवरची पकड अगदी सैल केली. गाडी रुळावरून जावी तशी सरळ गेली.

मग लाल घेतली. पिकअप छान होता. तिथंच पकड सैल केली तर हँडल हळूच डावीकडं जायला लागलं. मी परत एकदा करून बघितलं. परत डावीकडं. थांबून खाली वाकलो, तर पुढच्या मडगार्डचे स्क्रू नवे होते आणि त्याचा लाल रंग बाकीच्या लालपेक्षा थोडा गडद होता. ही गाडी पुढून कुठंतरी धडकली होती आणि वरवर नीट करून विकायला ठेवली होती. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा दांडा, वाकलेला असणार. मुरलेला माणूस ती दाबून चालवेल. शिकाऊ हाताला मात्र ती धोक्याची.

हे सगळं मला कळलं होतं. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर कित्येक दिवस मी मनाला सांगत राहिलो की नीटसं कळलं नव्हतं.

झालं असं, की माझ्या बायकोलाही स्कूटर हवी होती. ती ब्लाऊज शिवते. मापं घ्यायला, कपडे पोचवायला तिला गावभर हिंडावं लागतं, आणि पाठीच्या दुखण्यामुळं माझ्या मोटरसायकलवर मागं बसणं तिला जमेनासं झालं होतं. सहा महिने आम्ही गाडी शोधत होतो. आठ-दहा गाड्या मी बघून नाकारल्या होत्या. आणि ही करडी, जशी हवी तशी, माझ्यासमोर उभी होती. शेडकडं परत येताना, त्या दोन मिनिटांत, मी ती मनातल्या मनात आमच्या दारात लावूनही टाकली.

बाई करड्या गाडीवर बसून बघत होत्या. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. "मला ना, हीच बरी वाटते रे," त्या म्हणाल्या. "पाय टेकतात. लालवर चवड्यावर उभं राहावं लागतं."

"सवयीनं जमतं ते, बाई."

"मग काय म्हणतोस?"

"बाई, ही पाच वर्षं मागची गाडी आहे. हिचे पार्ट मिळायचे हळूहळू बंद होतील. नव्या मॉडेलला ॲव्हरेज चांगलं, दिवा चांगला, ब्रेक चांगले. उद्या विकायला काढली तरी नव्यालाच गिऱ्हाईक."

यातलं दिव्याचं तेवढं खरं होतं. पार्ट तर गल्लोगल्ली मिळतात.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. चष्म्यावरून, शाळेत बघायच्या तसं. "तू स्वतःसाठी घेतली असतीस तर कुठली घेतली असतीस?"

"लालच," मी म्हणालो.

त्यांनी वही उघडली, उजव्या बाजूला खाली बरोबरची खूण केली आणि वही पिशवीत ठेवली. डीलर दोन पावलांवर उभा होता. तो माझ्याकडं बघत राहिला.

बुधवारी शिफ्ट सुटल्यावर मी परत त्याच्याकडं गेलो. मला बघून तो हसला. "मला वाटलंच हुतं तुमी येनार. म्हनून करडी कुनाला दाखवलीच न्हाई."

त्या हसण्यात मी त्याच्या बरोबरीचा होतो. तिथंच परत फिरायला हवं होतं. मी गाडी घेऊन घरी आलो.

बायको हरखून गेली. तिनं गाडीला हळदीकुंकू लावलं, मुलीनं हार घातला. बायकोनं विचारलं, "बाईंनी ह्यी का न्हाई घेतली? तुमी तर म्हनला त्या पन बघत हुत्या."

"त्यांना नवंच मॉडेल पाहिजे होतं," मी म्हणालो.

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. "अरे, मला एक सांग. गाडी डावीकडं ओढते असं वाटतं. गाडीत काही आहे का माझ्याच हातात?"

इथं मला सगळं सावरता आलं असतं. गाडी घेऊन जायची, फोर्क बदलून आणायचा, संपलं. पण फोर्क बदलला असता तर वाकलेला होता हे सांगावं लागलं असतं, आणि मग बाईंनी विचारलं असतं, की त्या दिवशी चक्कर मारलीस तेव्हा तुला कसं कळलं नाही? गाड्या ओळखणारा म्हणून तर त्यांनी मला नेलं होतं.

"नव्या हाताला असं वाटतं, बाई," मी म्हणालो. "हँडल घट्ट धरू नका. महिनाभरात बसेल हात."

"असेल. क्लासमधल्या मॅडम पण तेच म्हणाल्या, तुम्ही घाबरता म्हणून."

त्यानंतर मी सावेडीकडं जायचं टाळायला लागलो. जावंच लागलं तर मोटरसायकलवर जायचो. बायकोला सांगितलं की तिकडच्या रस्त्याचं काम चाललंय, तू त्या बाजूला नको जाऊ. ती माझं ऐकायची. घरात माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, हे तेव्हा मला पहिल्यांदा बोचलं.

तिसऱ्या महिन्यात बाई पडल्या. भाजी घेऊन येत होत्या, वळणावर एक हातगाडी आडवी आली, त्यांनी हँडल उजवीकडं घ्यायला बघितलं आणि ते पुरतं वळलंच नाही. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. मला काकांनी कळवलं.

मी फळं घेऊन गेलो. बाई दिवाणावर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. काका वैतागले होते. "साठीला कुणी सांगितलं होतं हिला हे? मी म्हणत होतो, रिक्षा आहे ना. आता हातानं केस पण विंचरता येत नाहीत."

"गाडीचा काही दोष नाही हो," बाई म्हणाल्या. "ह्यानं इतकी बघून दिली. मलाच येत नाही. काही गोष्टी वेळेवर शिकाव्या लागतात, माझी वेळ गेली."

मी पाण्याचा ग्लास हातात धरून बसलो होतो. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला उगीच त्रास दिला बघ. रविवार घालवलास माझ्यासाठी."

अंगणात लाल गाडी जुन्या चादरीखाली झाकून ठेवली होती. काका मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "हिला गिऱ्हाईक असलं तर सांग. विकून टाकू." मी हो म्हणालो आणि निघालो. घरी पोचेपर्यंत वाटेत दोनदा गाडी कडेला घेऊन थांबलो. काय करायचं ते सुचलं नाही म्हणून परत निघालो.

प्लास्टर निघाल्यावरची गोष्ट. बायकोच्या मनात आलं की बाईंना भेटून यावं. मला तिनं सांगितलं नाही, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. डिंकाचे लाडू डब्यात घातले आणि करड्या गाडीवर बसून ती दुपारी सावेडीला गेली. मी शिफ्टवरून घरी आलो तेव्हा ती भाकरी थापत होती. मला ताट वाढून तिनंच सांगायला सुरुवात केली.

"बाई लई चांगल्या हायेत वो. मला सोडायला फाटकापत्तुर आल्या. गाडी बगितली आन् थांबल्या. नंबर वाचला. म्हनल्या, छान आहे गाडी, कधी घेतलीत? मी म्हनलं, तुमच्या मागून तीनच दिवसांनी. तुमी नको म्हनलात म्हनून ह्यांनी घेतली."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. "मग?"

"मग काय? म्हनल्या, हो, मीच नको म्हटलं. नवीच हवी होती मला." बायकोनं भाकरी उलटली. "पन त्यांचं तोंड कसं झालं हुतं. काय झालं वो? मी काय चुकीचं बोल्ले का?"

बाईंनी मला वाचवलं होतं. माझ्या बायकोसमोर माझी लाज राखली होती, आणि तेही माझंच खोटं स्वतःच्या तोंडानं बोलून.

मी ताटावरून उठलो आणि तिथंच ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. मुलगी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होती म्हणून हळू आवाजात. बायकोनं गॅस बंद केला.

"म्हंजे त्या पडायच्या आदी तुमाला म्हाईत हुतं?"

"हो."

"आन् मी त्याच गाडीवर बसून त्यांच्या दारात लाडू घिऊन गेले."

ती मला वाटेल तसं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं पदराला हात पुसले, खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. "सकाळी देऊन या," एवढंच म्हणाली.

सकाळी मी रजा टाकली आणि करडी गाडी घेऊन बाईंकडं गेलो. काका फिरायला गेले होते. बाई अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या, डाव्या हातानं. मी फाटकाच्या आत गाडी लावली आणि उभा राहिलो.

"बाई, त्या दिवशी मला कळलं होतं," मी म्हणालो. "लाल गाडी डावीकडं ओढत होती. धडकलेली होती. मला करडी हवी होती म्हणून मी बोललो नाही."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. पायरीवर बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

"काल तुझी बायको गेल्यावर मी वही काढून नंबर बघितला," त्या म्हणाल्या. "मग रात्रभर विचार करत होते की ह्यानं असं का केलं असेल. तू नुसतं म्हणाला असतास ना, बाई, ही मला हवीय, तर मी तुला घेऊ दिली असती. मी दुसरी शोधली असती."

"चुकलं माझं, बाई."

"गाडीचं काही नाही रे. हातही बरा झाला. पण चार महिने मला वाटत होतं की मला येत नाही. रोज सकाळी गाडी काढायचे आणि मला वाटायचं, आपल्यातच काही कमी आहे. ह्यांचं ऐकत होते, क्लासमधल्या मॅडमचं ऐकत होते, आणि तुला फोन केला तेव्हा तूही तेच म्हणालास. मी विश्वास ठेवला त्याच्यावर. जन्मभर पोरांना सांगत आले, येत नाही असं म्हणू नका म्हणून. आणि मीच म्हणायला लागले."

मला वर बघता येईना. मी म्हणालो, करडी ठेवून जातो, लाल मी घेऊन जातो, कागदपत्रं आरटीओत मीच करून देतो.

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. पायरीवर बसून गाडीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेव. मला ती आधीपासून आवडली होती. तुझ्यावर उपकार म्हणून नाही आणि तुझे उपकार म्हणून पण नाही. अदलाबदल."

"मी चार दिवस सकाळी येतो, बाई. मैदानावर सराव करू."

"नको," त्या म्हणाल्या. "तू नको येऊस."

आवाज चढला नव्हता. मी लाल गाडीवरची चादर काढून घडी घातली, कठड्यावर ठेवली आणि गाडी ढकलतच फाटकाबाहेर आणली.

नागापूरच्या एका गॅरेजवाल्यानं ती उघडली. फोर्क डोळ्यांना दिसेल इतका वाकलेला होता. तो माझा ओळखीचा. म्हणाला, "साहेब, तुमी घेतली ही? हे तर पहिल्याच चकरेत कळतं की." फोर्क बदलला, चाक सरळ झालं. बायको आता ती गाडी चालवते. पहिले दोन महिने तिनं हात लावला नव्हता, पायी जायची नाहीतर रिक्षानं. मी विचारलंही नाही. विचारायचा हक्क राहिला होता असं वाटलं नाही.

शॉपमध्ये मी हे कुणाला सांगितलं नाही. गाडी बघायला चला म्हणून कुणी आलं की पाठ धरलीय, वेळ नाही, असं काहीतरी मी सांगतो. दोघातिघांना राग आला. येऊ दे.

बाई आता गाडी चालवतात. मी एकदा बघितलं, प्रोफेसर कॉलनीच्या चौकात सिग्नलला उभ्या होत्या, दोन्ही पाय टेकून, मागं काका बसलेले. काका काहीतरी सांगत होते आणि बाई मान न वळवता हो हो करत होत्या. मी चार गाड्या मागं होतो. सिग्नल सुटला, त्या सरळ गेल्या, मला पुढं जायचं होतं तरी मी डावीकडं वळलो.

यंदा मुलगी दहावीला आहे. मराठी व्याकरणात तिला मार्क कमी पडतात म्हणून बायकोनं मला न विचारता बाईंना फोन केला आणि बाईंनी तिला शनिवार-रविवार बोलावलं. मुलगी आवडीनं जाते. बाईंनी तिला काही सांगितलेलं नाही, हे मला तिच्या बोलण्यावरून कळतं. मागच्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बाई म्हणाल्या की तुझे बाबा चौथीत होते तेव्हा वर्गात कुणाचं काही हरवलं की ते शोधायला सगळे त्यांनाच पाठवायचे, सापडलेलं ते नक्की परत आणून देतील म्हणून. खरं का?"

बायको वाढता वाढता थांबली.

"खरं आहे," मी म्हणालो, आणि आमटी पुढं ओढून घेतली.